शेजारी जनुके आणि मुंबई रक्तगट

१९५२ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात मुंबईच्या रक्ताविषयीचे एक छोटेसे टिपण प्रसिद्ध झाले. डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया हे त्याचे मुंबईतील लेखक. लंडनमधील रक्तगटतज्ज्ञ रेस व रूथ सँगर आणि रक्तगटांचे रसायनशास्त्र उलगडणारे मॉर्गन व विनिफ्रेड वॉटकिन्स यांनीही त्या तपासणीत भाग घेतला होता. टिपणाचा विषय होता एक न बसणारे रक्त. नेहमीच्या पद्धतीने तपासले तर ते ‘ओ’ गटाचे वाटे. परंतु त्या व्यक्तींचा रक्तरस ‘ओ’ गटाच्याच तांबड्या पेशींच्या गुठळ्या करून टाकी. ज्या ‘ओ’ रक्ताला सर्वांना चालणारे रक्त समजतात तेच या माणसांना चालत नव्हते. पुढे या गटाला शहराचेच नाव मिळाले आणि ‘मुंबई रक्तगट’ वा ‘बॉम्बे रक्तगट’ ही संज्ञा जगभरच्या पाठ्यपुस्तकांत रूढ झाली.

या रक्तगटाची दुर्मिळता पुष्कळांना ठाऊक असते. मुंबईत साधारणतः दहा हजारांमागे एक, तर युरोपात सुमारे दहा लाखांमागे एक असे त्याचे प्रमाण सांगितले जाते. त्याच्याशी जोडलेली दुसरी एक गोष्ट मात्र तज्ज्ञांबाहेर फारशी कोणी ऐकलेली नसते. या माणसांच्या रक्तात जे पदार्थ सापडत नाहीत, ते त्यांच्या लाळेतही सापडत नाहीत. वरवर पाहता यात नवल ते काय, असे वाटेल. परंतु रक्तपेशींवरील गुण आणि लाळेतील गुण ही दोन निरनिराळ्या जनुकांची कामे आहेत, हे आज निश्चित झाले आहे. मग दोन्ही उणिवा एकाच माणसात नेमाने एकत्र का याव्यात? या प्रश्नाच्या उत्तरात आनुवंशिकीतील एक मूलभूत तत्त्व दडलेले आहे. त्याला सहलग्नता म्हणतात. प्रस्तुत प्रकरणात त्याचाच परिचय करून घ्यावयाचा आहे.

मेंडेलच्या नियमाला पडलेला अपवाद

ग्रेगोर मेंडेलने १८६६ साली वाटाण्यावरील आपल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील एक निष्कर्ष असा की, दोन भिन्न गुण पुढील पिढीत एकमेकांची पर्वा न करता उतरतात. दाणा पिवळा असणे वा हिरवा असणे याचा दाणा गोल वा सुरकुतलेला असण्याशी संबंध नसतो. दोन्ही गुणांबाबत संकर असलेली झाडे स्वतःशीच फलित केली की, संततीत चार प्रकार ९ : ३ : ३ : १ या प्रमाणात मिळतात. पत्त्यांचा जोड पिसून वाटावा, तसे गुण वाटले जातात.

पुष्कळ पुस्तकांतून असे लिहिलेले आढळते की, मेंडेलने निवडलेले सात गुण वाटाण्याच्या सात वेगवेगळ्या रंगसूत्रांवर होते आणि म्हणूनच त्याला हा नियम इतका स्वच्छ दिसला. हे विधान ऐकायला सोयीचे असले, तरी बरोबर नाही. त्यांतील काही गुणांची जनुके एकाच रंगसूत्रावर आहेत. परंतु ती इतकी दूर आहेत की, स्वतंत्र असल्यासारखीच वागतात. एकाच रंगसूत्रावर असणे आणि एकत्र वारशाने येणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे वाचकाने येथेच ध्यानात घेतलेले बरे. महत्त्व अंतराला आहे.

नियम मोडतो आहे हे प्रथम ठळकपणे दिसले ते केंब्रिज येथे, १९०५ च्या सुमारास. बेटसन, एडिथ साँडर्स व पनेट हे स्वीट पी या सुवासिक फुलवेलीवर प्रयोग करीत होते. जांभळी फुले व लांबट परागकण असलेल्या वेलीचा त्यांनी तांबडी फुले व गोल परागकण असलेल्या वेलीशी संकर केला. दुसऱ्या पिढीत ३८१ वेली मिळाल्या. मेंडेलच्या हिशेबाने जांभळ्या-लांबट २१४, जांभळ्या-गोल ७१, तांबड्या-लांबट ७१ आणि तांबड्या-गोल २४ अशी विभागणी व्हावयास हवी होती. प्रत्यक्षात आकडे आले २८४, २१, २१ आणि ५५. आजोळचे व आजाचे गुण ज्या जोडीने आले होते, त्या जोड्या हट्टाने टिकून राहिल्या होत्या. नव्या जोड्या फारच थोड्या जमल्या होत्या. या आकड्यांचे जे स्पष्टीकरण बेटसन व पनेट यांनी दिले, ते पुढे टिकले नाही. आकडे मात्र टिकले.

बरोबर स्पष्टीकरण फळमाशीने दिले. पिकलेल्या केळ्यांभोवती घोंगावणाऱ्या चिलटांच्या जातीची ही लहानशी माशी, ड्रॉसोफिला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन व त्यांचे विद्यार्थी दुधाच्या बाटल्यांतून ती वाढवीत असत. मॉर्गन यांनी असे सुचविले की, जनुके रंगसूत्रांवर (यांनाच गुणसूत्रे असेही म्हणतात) एका ओळीत असतात. म्हणून एका रंगसूत्रावरील जनुके एकत्र प्रवास करतात. परंतु बीजपेशी तयार होताना आईकडून आलेले आणि बापाकडून आलेले रंगसूत्र एकमेकांना बिलगून उभे राहते आणि दोघे आपापल्या काही भागांची अदलाबदल करतात. दोन दोर समान ठिकाणी कापून आडवे जोडावेत, तसा हा प्रकार. दोन जनुकांच्या दरम्यान कोठेतरी असा जोड पडला, तरच ती विलग होतात. जनुके दूर असतील, तर जोड मधे पडण्याची शक्यता जास्त. अगदी शेजारी असतील, तर जवळजवळ नाही.

यावरून पुढचे पाऊल टाकले ते मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेतील एका विद्यार्थ्याने. आल्फ्रेड स्टर्टव्हंट तेव्हा पदवीधरही झालेला नव्हता. १९११ मध्ये एके रात्री महाविद्यालयाचा अभ्यास बाजूला सारून त्याने माश्यांचे आकडे घरी नेले आणि सकाळपर्यंत जगातील पहिला जनुक-नकाशा तयार केला. त्याची युक्ती सरळ होती. दोन गुण शंभरात जितक्या वेळा विलग होतात, तितके त्यांच्यामधील अंतर मानावयाचे. पिवळे शरीर आणि पांढरे डोळे हे गुण शंभरात सुमारे एकदाच विलग होत. पांढरे डोळे आणि खुरटे पंख हे मात्र सुमारे तेहेतीस वेळा. अशी अंतरे एकमेकांशी जुळवून त्याने सहा गुणांची जागा एका रेषेवर मांडली. १९१३ साली ते काम प्रसिद्ध झाले. शंभरात एकदा विलग होण्याइतक्या अंतराला आज ‘सेंटिमॉर्गन’ म्हणतात. हे नाव पुढे जे. बी. एस. हॉल्डेन यांनी प्रचारात आणले. भारतात स्थायिक होऊन येथेच १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तलेले ते हेच हॉल्डेन.

माणसाची अडचण

माशी दहा-बारा दिवसांत पिढी पुरी करते आणि शेकडो अंडी घालते. माणसाची मुले थोडी, पिढी पंचवीस वर्षांची, आणि कोणाचे लग्न कोणाशी लावावयाचे हे संशोधकाच्या हातात नाही (असू नये हेच बरे). म्हणून माणसातील सहलग्नता कुटुंबांच्या वंशावळी जमवून आणि गणिताच्या साहाय्याने शोधावी लागली. १९३७ साली हॉल्डेन व ज्युलिया बेल यांनी रक्त न गोठण्याचा रोग आणि रंगांधळेपणा यांची जनुके शेजारी असल्याचे दाखविले. दोन्ही गुण लिंगनिश्चिती करणाऱ्या एक्स रंगसूत्राशी निगडित असल्याचे आधीच माहीत असल्यामुळे काम थोडे सोपे होते. इतर रंगसूत्रांवरील पहिली जोडी १९५१ मध्ये कोपनहेगन येथे यान मोर यांना सापडली. ती होती ल्यूथरन नावाचा एक रक्तगट आणि लाळेतील ‘स्रावक’ गुण यांची.

मुंबई रक्तगटाच्या कथेत या स्रावक गुणाचे स्थान फार मोठे आहे. म्हणून तो नीट समजून घेऊ.

आपल्या तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंच्या साखळ्या असतात. ‘ए’ व ‘बी’ गट ही या साखळ्यांच्या शेवटच्या टोकाची नावे होत. त्या टोकाच्या आधी एक पायरी असते, तिला ‘एच’ म्हणतात. साखळीला फ्यूकोज नावाची साखर जोडली गेली की ‘एच’ पदार्थ तयार होतो. त्यावर आणखी एक साखर चढविली की ‘ए’, दुसरी चढविली की ‘बी’, आणि काहीच न चढविले की उघडा ‘एच’ राहतो. त्यालाच आपण ‘ओ’ गट म्हणतो. म्हणजे ‘ओ’ गटाच्या माणसाजवळ काहीच नसते ही समजूत चुकीची आहे; त्याच्याजवळ ‘एच’ भरपूर असतो. मुंबई गटाच्या माणसाजवळ मात्र ही मधली पायरीच नसते. त्याच्या शरीरात ‘ए’ वा ‘बी’ घडविणारे जनुक असले, तरी ते बिचारे काय करणार? ज्या पायावर भिंत उभारावयाची, तो पायाच नाही. ‘ए’, ‘बी’ आणि ‘एच’ या तिन्ही पदार्थांना त्याचे शरीर परके मानते आणि तिन्हींविरुद्ध प्रतिपिंडे बाळगते. या प्रतिपिंडांमुळे त्याला दिलेले साधे ‘ओ’ रक्त शरीराच्या उष्णतेत फुटून जाते आणि प्राणावर बेतू शकते.

हेच पदार्थ लाळेत, जठररसात व इतर स्रावांतही असतात, पण सर्व माणसांच्या नव्हे. ज्यांच्या असतात त्यांना स्रावक, इतरांना अस्रावक म्हणतात. भारतात काय किंवा युरोपात काय, चार-पाच माणसांमागे साधारणतः एक अस्रावक आढळतो. हा काही रोग नव्हे. त्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो.

आता कोडे नीट मांडता येईल. रक्तपेशींवरचा ‘एच’ आणि लाळेतला ‘एच’ यांची जनुके परस्परस्वतंत्र आहेत असे समजू. मग मुंबई गटाच्या माणसांतही चार-पाचांमागे एकच अस्रावक असावा आणि बाकीचे स्रावक असावेत. परस्परांशी नाते नसलेली दहा माणसे तपासली आणि अस्रावक असण्याची शक्यता चारात एक धरली, तर दहाही अस्रावक निघण्याची शक्यता दहा लाखांत एकाहून कमी भरते. प्रत्यक्षात भारतात सापडलेली खऱ्या मुंबई गटाची माणसे जवळजवळ सर्व अस्रावकच निघत गेली. इतका मोठा योगायोग कोणीही मानणार नाही.

दोन स्पष्टीकरणे

पहिले स्पष्टीकरण असे होते. ‘एच’ घडविणारे जनुक एकच आहे. ते रक्तपेशींतही काम करते आणि लाळेच्या ग्रंथींतही. स्रावक जनुक स्वतः काही घडवीत नाही. ते केवळ लाळग्रंथींतील कळ दाबते. मुंबई गटाच्या माणसात ‘एच’ जनुकच बिघडलेले असल्यामुळे कळ दाबली काय नि न दाबली काय, लाळ रिकामीच राहणार. या स्पष्टीकरणात सहलग्नतेचे कारणच उरत नाही. दोन उणिवा दिसतात, पण बिघाड एकच. ही कल्पना आटोपशीर होती आणि बराच काळ पाठ्यपुस्तकांत नांदली.

तिला अडचण आली ती वेगळ्याच प्रकारच्या माणसांमुळे. काही व्यक्तींच्या तांबड्या पेशींवर ‘एच’ नाही, पण लाळेत मात्र आहे, असे आढळून आले. अशांना ‘पॅरा-बॉम्बे’ म्हणतात. जनुक एकच असेल आणि ते बिघडलेले असेल, तर लाळेत ‘एच’ आला कोठून? ही अडचण निवारण्यासाठी आणखी एका नियामक जनुकाची कल्पना पुढे करण्यात आली. शास्त्रात जेव्हा एका कल्पनेला टेकू देण्यासाठी दुसरी कल्पना करावी लागते, तेव्हा पहिलीकडेच संशयाने पाहणे इष्ट असते.

१९८१ साली ओरिओल व त्यांचे सहकारी यांनी दुसरे स्पष्टीकरण मांडले. ‘एच’ घडविणारी जनुके एक नसून दोन आहेत. एक रक्तपेशींसाठी, दुसरे लाळ व इतर स्रावांसाठी. आणि हे दुसरे म्हणजेच स्रावक जनुक. ही दोन्ही जनुके एकाच रंगसूत्रावर अगदी शेजारी आहेत. या मताप्रमाणे मुंबई गटाच्या माणसात दोन वेगवेगळे बिघाड असतात, पण ते शेजारशेजारच्या घरांत असल्यामुळे एकाच गाठोड्यात बांधलेले असतात आणि पिढ्यानुपिढ्या एकत्रच हाती पडतात.

दोन्ही मतांपैकी खरे कोणते, हे एका कुटुंबाच्या हिशेबावरून काही अंशी तपासता येते. आई व बाप दोघेही दिसायला साधारण रक्तगटाचे आणि स्रावक आहेत, पण प्रत्येकाच्या एका रंगसूत्रावर दोन्ही जनुके बिघडलेली व दुसऱ्यावर दोन्ही चांगली आहेत, असे धरा. ही जनुके स्वतंत्रपणे वाटली गेली असती, तर दर सोळा अपत्यांत सरासरीने नऊ साधारण स्रावक, तीन साधारण अस्रावक, तीन मुंबई गटाची पण स्रावक, आणि एकच दोन्ही उणिवा असलेले, अशी वाटणी झाली असती. ती घट्ट सहलग्न असतील, तर सोळांत बारा साधारण स्रावक आणि चार दोन्ही उणिवांची. मधले प्रकार नाहीतच. एखाद्या घरात सोळा मुले नसतात, म्हणून अनेक कुटुंबे एकत्र करून शक्यतांची तुलना करावी लागते. मानवी आनुवंशिकीत हा मार्ग १९५५ साली न्यूटन मॉर्टन यांनी शास्त्रशुद्ध करून दिला होता.

निकाल मात्र रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत लागला. १९९० मध्ये ‘एच’ जनुक आणि १९९५ मध्ये स्रावक जनुक वेगळे काढण्यात अमेरिकेतील संशोधकांना यश आले. दोन्ही एकोणिसाव्या रंगसूत्रावर निघाली. दोघांमधील अंतर सुमारे ३५,००० अक्षरांचे. संपूर्ण मानवी संहिता तीनशे कोटी अक्षरांची आहे हे ध्यानात घेतले, म्हणजे हा शेजार किती जवळचा ते कळेल. एका भिंतीआडची ही दोन घरे होत. ‘ए’ व ‘बी’ ठरविणारे जनुक मात्र नवव्या रंगसूत्रावर आहे. त्यामुळे मुंबई गटाच्या भावंडांत ‘ए’, ‘बी’, ‘ओ’ ही जनुके मेंडेलच्या नियमाप्रमाणे स्वतंत्रपणे वाटली जातात. फक्त ती दिसत नाहीत. फिलिप लेव्हाइन व सहकाऱ्यांनी १९५५ सालीच अशा एका स्त्रीचे उदाहरण दिले होते. तिचे रक्त तपासता ‘ओ’ वाटे, पण तिच्याकडून अपत्याकडे ‘बी’ गेला होता.

१९९७ साली जपानी संशोधकांनी भारतीय मुंबई गटाच्या व्यक्तींची जनुके वाचली. त्यांत ‘एच’ जनुकातील ७२५व्या स्थानी एक अक्षर बदललेले आढळले. त्यामुळे एन्झाइमच्या साखळीतील एक दुवा बदलतो आणि एन्झाइम निकामी होते. शेजारचे स्रावक जनुक तर बिघडलेले नव्हे, मुळी गायबच होते. सुमारे दहा हजार अक्षरांचा तुकडा तेथून गळून पडला होता. हिंदी महासागरातील रेयुनियाँ बेटावर भारतीय वंशाच्या लोकांत सापडलेल्या मुंबई गटात हेच दोन दोष एकत्र आढळले. त्याच बेटावरील युरोपीय वंशाच्या काही लोकांत ‘एच’ अत्यंत क्षीण असतो. त्यांच्यातही दोन शेजारी दोष होते, परंतु ते दोन्ही निराळे होते. एच जनुकातील बदल वेगळा आणि स्रावक जनुकातील बदलही वेगळा.

येथे मघाच्या दहा माणसांच्या हिशेबाकडे परत येऊ. आपण असे गृहीत धरले होते की दहा माणसे म्हणजे दहा स्वतंत्र प्रसंग, जणू नाणे दहा वेळा उडविले आहे. ते गृहीतच चुकीचे होते. नाणे उडविले गेले ते एकदाच, कोण जाणे किती पिढ्यांपूर्वी. कोण्या एका पूर्वजाच्या एका रंगसूत्रावर हे दोन दोष एकत्र आले. आज मुंबईत, रत्नागिरीत वा रेयुनियाँत जे सदोष रंगसूत्र सापडते, ती त्या एकाची नक्कल आहे. ती माणसे एकमेकांना ओळखत नसली, तरी त्या तुकड्यापुरती एकाच घरातली आहेत. मला स्वतःला या सबंध प्रकरणात हा भाग सर्वांत मोठा वाटतो. रक्तपेढीतील एक तक्रार शेवटी एका अनामिक पूर्वजापर्यंत नेऊन पोहोचविते.

पण अदलाबदलीने हे गाठोडे केव्हाच सुटले कसे नाही? माणसात सरासरीने दहा लाख अक्षरांच्या अंतरात शंभरात एकदा जोड पडतो. त्या हिशेबाने ३५,००० अक्षरांच्या अंतरात सुमारे तीन हजार वेळांत एकदा पडेल. एका वंशधारेतून चालणाऱ्या रंगसूत्राला तीन हजार पिढ्या म्हणजे पाऊण लाख वर्षे लागतील. हा अर्थात सरासरीचा हिशेब आहे. रंगसूत्राच्या प्रती हजारो असल्या, तर त्यांपैकी एखादीत तो अगोदरही घडेल, आणि तेव्हा मुंबई गटाचा दोष चांगल्या स्रावक जनुकाच्या शेजारी जाऊन बसेल.

सहलग्नतेचा उपयोग आणि तिचा फसवेपणा

शेजारी जनुक खुणेसारखे वापरता येते, हे डॉक्टरांच्या लवकरच लक्षात आले. स्नायू क्षीण होत जाणारा मायोटॉनिक डिस्ट्रॉफी नावाचा एक आनुवंशिक रोग आहे. त्याचे जनुक स्रावक जनुकाच्या आसपास, एकोणिसाव्या रंगसूत्रावरच असल्याचे दिसून आले. गर्भाभोवतीच्या पाण्यात ‘ए’, ‘बी’, ‘एच’ पदार्थ आहेत किंवा कसे यावरून गर्भ स्रावक आहे का, हे जन्मापूर्वी कळते. म्हणून रोगाचे जनुक प्रत्यक्ष न पाहताच, त्याच्या शेजाऱ्यावरून त्याचा अंदाज बांधण्याची कल्पना १९७० नंतरच्या दशकात पुढे आली.

हा अंदाज कसा चुकू शकतो ते पाहण्यासारखे आहे. एका कुटुंबात रोगाचे जनुक आणि चांगले स्रावक जनुक एकाच रंगसूत्रावर असतील, तर स्रावक गर्भ ही धोक्याची खूण. शेजारच्याच दुसऱ्या कुटुंबात रोगाचे जनुक सदोष स्रावक जनुकाबरोबर बांधलेले असेल, तर तीच खूण दिलाशाची. शेजार दोन्हीकडे तोच, पण शेजारी निराळे. ही मांडणी आजी-आजोबांच्या तपासणीवाचून ठरविता येत नसे. आणि ती ठरली, तरीही शंभरांत आठ-दहा वेळा अदलाबदल होऊन अंदाज उलटा पडू शके. गर्भाविषयी आई-बापांना निर्णय घ्यावयाचा असतो, तेव्हा शंभरातले हे आठ-दहा फार जड असतात. १९९२ मध्ये रोगाचे जनुकच हाती लागले आणि ही आडवळणाची वाट सोडून देण्यात आली.

शेजाराचा परिणाम महाराष्ट्रात आणखी एका ठिकाणी दिसतो. विदर्भातील व सातपुड्यातील अनेक समाजांत सिकलसेल रोगाचे जनुक आहे. ते ज्या अकराव्या रंगसूत्राच्या तुकड्यावर बसून आले आहे, तो तुकडा आफ्रिकेतील तुकड्यांहून निराळा आहे. त्याला अरब-भारतीय तुकडा म्हणतात. त्यावर शेजारीच असा एक बदल आहे की, ज्यामुळे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जन्मानंतरही बऱ्याच प्रमाणात तयार होत राहते, आणि ते असले की पेशी सहज वाकड्या होत नाहीत. यावरून भारतातील रोग सौम्यच असतो असे मात्र समजू नये. नागपूर भागातील रुग्णालयांत तीव्र त्रास असलेली बालके पुष्कळ आढळली आहेत. चांगला शेजारी मदत करतो. घराला लागलेली आग तो प्रत्येक वेळी विझवू शकतोच असे नाही.

मुंबई गटाबाबतही एक गैरसमज टाळावयास हवा. अस्रावक माणूस म्हणजे मुंबई गटाचा, असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही. चार-पाचांमागे एक माणूस अस्रावक असतो. मुंबई गटाचा दहा हजारांमागे एक. अस्रावकांपैकी बहुतेकांचे ‘एच’ जनुक पूर्णपणे चांगले असते. सहलग्नता एका विशिष्ट रंगसूत्राबद्दल बोलते, सगळ्या समाजाबद्दल नव्हे.

दहा हजारांत एक रुग्ण, तर वाहक किती? नात्यातील लग्ने विचारात न घेता हिशेब केला, तर सुमारे पन्नासांत एक माणूस एक सदोष रंगसूत्र बाळगून असेल असे उत्तर येते. वाहकाला काहीही होत नाही; त्याचा रक्तगट साधारण तपासणीत नेहमीसारखा ‘ए’, ‘बी’ वा ‘ओ’ येतो. आतेभाऊ-मामेबहिणीचे लग्न झाले, तर एकाच पणजोबाचे तेच रंगसूत्र दोन्ही बाजूंनी येऊन भेटण्याची शक्यता वाढते. त्याच आकड्यांनी हिशेब केल्यास अशा जोडप्यांच्या अपत्यांत मुंबई गटाचे प्रमाण सुमारे चौदाशेत एक इतके, म्हणजे सातपट होते. मुंबई गटाच्या पुष्कळ कुटुंबांत आई-बाप नात्यातले आढळतात ते यामुळेच.

रक्तपेढीच्या दृष्टीने धोका पहिल्या तपासणीतच असतो. केवळ पेशी तपासून थांबले, तर मुंबई गटाचे रक्त ‘ओ’ म्हणूनच नोंदले जाते. म्हणून माणसाच्या रक्तरसाची ‘ओ’ गटाच्या पेशींशीही गाठ घालून पाहावी लागते. गुठळ्या झाल्या, तर शंका घ्यावयाची. युलेक्स नावाच्या काटेरी झुडपाच्या बियांचा अर्क ‘एच’ असलेल्या पेशींच्या गुठळ्या करतो, मुंबई गटाच्या पेशींच्या करीत नाही. त्यावरून खात्री होते. लाळेच्या तपासणीने मुंबई व पॅरा-बॉम्बे यांतील भेद कळतो. परळच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात १९५७ साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची संस्था या कामात प्रारंभापासून आहे.

असा रुग्ण सापडला की, प्रथम त्याच्या सख्ख्या भावंडांना बोलावले जाते. आई-बाप दोघेही वाहक असल्यामुळे प्रत्येक भावंड त्याच गटाचे असण्याची शक्यता चारात एक असते. बाहेर शोधले, तर दहा हजारांत एक. भावंड जुळले नाही, तर नोंदवहीतील दात्यांकडे निरोप जातात, कित्येकदा दुसऱ्या राज्यांत. शस्त्रक्रिया ठरवून करावयाची असेल, तर रुग्णाचेच रक्त काही आठवडे आधीपासून थोडेथोडे काढून साठविता येते. त्याच्या पेशी गोठवून वर्षानुवर्षे टिकविण्याचीही सोय आहे. साठविलेल्या पिशवीवर ‘ओ’ अशी चिठ्ठी मात्र कधीही लावावयाची नसते.